संगीतकाराकडून पहिलीच पैशाची विचारणा आली आहे. उत्तर कसं द्यावं?

नवं_भिंग

एका गायिकेचा मेसेज आला आहे. त्या गातात, गिटार वाजवतात आणि सोबत तिघांचा संच आहे. मजकूर साधारण असा: "तुमचे फोटो पाहिले, आवडले. पाच गाण्यांचा ईपी (छोटा अल्बम) येतोय. कव्हर आणि प्रसिद्धीसाठी फोटो हवेत. रिलीजच्या कार्यक्रमाचेही काढाल का? किती घ्याल?"

पैसे घेऊन केलेलं हे पहिलंच काम असेल. सामान म्हणजे २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा, ३५ आणि ८५ मिमी एफ/१.८ लेन्स, एक फ्लॅश, प्रकाश मऊ करणारी एक छत्री. पहिल्या उत्तरात आकडा लिहायचा का? दर काढायचा कसा? हक्कांबद्दल काय लिहून घ्यायचं? आणि तांत्रिक बाजूला काय काय चुकू शकतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

झरोका

आधी एक गोष्ट नीट पाहा. मेसेज एक असला तरी त्यात कामं तीन आहेत: कव्हर, प्रसिद्धीचे फोटो आणि कार्यक्रम. तिन्हींची तयारी वेगळी, वापर वेगळा, दरही वेगळा. तिन्ही मिळून एक आकडा सांगितलात की पुढे एखादं काम वाढलं किंवा गळलं तर हिशेब करायला जागाच राहत नाही.

उत्तर त्याच दिवशी द्या, फार तर दुसऱ्या दिवशी. आकड्याआधी काय विचारायचं ते हे:

रिलीजची तारीख कोणती आणि कव्हर वितरकाकडे (गाणी स्ट्रीमिंगवर पोहोचवणाऱ्याकडे) कधी द्यायचं आहे? (रिलीजच्या बऱ्याच आधी ते चढवावं लागतं, त्यामुळे खरी मुदत ती असते.) फक्त स्ट्रीमिंग आहे की सीडी किंवा व्हायनलही (तबकडीही) छापणार? कव्हरची मांडणी कोण करतंय? फोटोत त्या एकट्या की चौघे? पैसे त्या स्वतः देणार, लेबल (संगीत कंपनी) देणार की कार्यक्रमाचा आयोजक? टी-शर्ट, पोस्टर असं काही विकायचा विचार आहे का? डोळ्यासमोर कुठले फोटो आहेत, त्यातले तीन-चार पाठवता येतील का?

शेवटचा प्रश्न गाळू नका. "जरा वेगळं, नैसर्गिक हवं" या शब्दांतून काहीच कळत नाही, तीन चित्रं पाहिली की प्रकाश कडक हवा की मऊ, रंग हवेत की कृष्णधवल, हे लगेच दिसतं.

कोमल_निषाद

संगीतकारांच्या बाजूने लिहितो. झरोका यांचे प्रश्न बरोबर आहेत, पण सात प्रश्न आणि आकडा शून्य असं उत्तर आलं की समोरचा माणूस गळतो. एकाच वेळी तीन-चार छायाचित्रकारांना विचारलेलं असतं आणि स्टुडिओ, मिक्सिंग, मास्टरिंग करता करता खिसा हलका झालेला असतो. त्यामुळे पहिल्याच उत्तरात "अशा कामाची सुरुवात इतक्यापासून होते" एवढं तरी असावं.

दुसरं, "वापर कुठे कुठे होणार?" असं मोघम विचारलंत तर "सगळीकडे" असं उत्तर येणार. वापराचं गणित बहुतेकांना माहीतच नसतं. हो-नाही करता येईल असं विचारा: छापील प्रत निघणार का, फोटो असलेली वस्तू विकणार का, पैसे देऊन जाहिरात करणार का.

झरोका

मान्य. "पासून" चालेल, पण त्यासोबत त्या रकमेत काय येतं तेही लिहा. नुसता आकडा सुटा फिरतो आणि लोकांच्या लक्षात तेवढाच राहतो. मसुदा असा करता येईल:

"नमस्कार, विचारल्याबद्दल आभार. कव्हर, प्रसिद्धी आणि कार्यक्रम यांचा दर मी वेगवेगळा देतो. दोन तासांचं एका जागचं शूट आणि १५ पूर्ण संस्कारित (एडिट केलेले) फोटो यांची सुरुवात अमुक रकमेपासून होते. त्यात स्ट्रीमिंग, तुमची समाजमाध्यमं आणि बातम्यांसाठीचा वापर येतो. नेमकं दरपत्रक देण्यासाठी खालच्या चार गोष्टी कळवाल का? सोयीचं असेल तर उद्या दहा मिनिटं फोनवर बोलू."

फोनवर जे ठरेल ते लगेच लिहून पाठवा. "आत्ता बोललो त्याप्रमाणे" अशी सुरुवात करून चार ओळी पुरतात.

हिशेबनीस

दराबद्दल. नवखे लोक शूटचे दोन तास मोजतात आणि तिथेच फसतात. १५ फोटोंच्या दोन तासांच्या शूटचा खरा वेळ मांडून पाहा:

बोलणं, जागा पाहणं, संदर्भचित्रं – २ तास. प्रवास – १. मांडामांड आणि आवराआवर – १. शूट – २. कार्ड उतरवणं, दोन प्रती करणं, निवड – दीड. संस्कार, फोटोमागे १५ मिनिटं धरली तर पावणेचार. सुपूर्त करणं आणि एक फेरी दुरुस्त्या – दीड. बेरीज पावणेतेरा तास.

आता तासाचा दर. वर्षाचा खर्च काढा: कॅमेरा आणि लेन्सची किंमत भागिले चार-पाच वर्षं, सॉफ्टवेअरची वर्गणी, हार्ड डिस्क, विमा, दुरुस्ती, कर. त्यात स्वतःला हवं असलेलं उत्पन्न मिळवा. या बेरजेला वर्षातल्या सगळ्या कामाच्या तासांनी भागू नका, ज्यांचे पैसे मिळतात त्याच तासांनी भागा. पूर्ण वेळ हेच काम करणाऱ्यांचाही बराच वेळ उत्तरं देणं, हिशेब, सराव यात जातो. निम्मे तास भरले तरी वर्ष चांगलं म्हणायचं. नोकरी सांभाळून करत असाल तर उत्पन्नाचा आकडा लहान असेल, पण खर्च तोच राहतो हे लक्षात असू द्या.

कार्यक्रमाचं गणित वेगळं. तयारी कमी, पण दोन तासांत हजारभर फ्रेम होतात, निवडीलाच दोन-अडीच तास जातात आणि फोटो दुसऱ्या दिवशी हवे असतात. रात्रीतून हवे असतील तर ते दरपत्रकात वेगळ्या ओळीत लिहा.

नवं_भिंग

आभार. तेरा तासांनी आलेला आकडा मला पहिल्या कामासाठी जड वाटतोय. सुरुवात म्हणून कमी घ्यावं का?

हिशेबनीस

कमी घ्यायचं असेल तर काम कमी करा, दर तोच ठेवा. १५ ऐवजी ८ फोटो, दोनऐवजी एक जागा, कपडे एकच. बजेट कमी आहे असं त्या म्हणाल्या तर "मग यात काय बसवता येईल ते पाहू" असं म्हणता येतं आणि कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

तरीही सवलत द्यायची असेल तर ती कागदावर दिसू द्या: पूर्ण रक्कम, खाली "पहिल्या कामानिमित्त सवलत २५ टक्के", खाली देय रक्कम. नाहीतर कमी केलेला आकडाच तुमचा दर ठरतो. पुढच्या ईपीला तोच धरला जातो, आणि त्या ज्यांना तुमचं नाव सुचवतील त्यांनाही तोच सांगितला जातो.

फुकट करू नका. स्ट्रीमिंगच्या उत्पन्नातला वाटाही मोबदला म्हणून घेऊ नका. त्याचा हिशेब तुम्हाला तपासता येणार नाही.

आगाऊ रक्कम ५० टक्के, ती जमा झाली की तारीख पक्की. उरलेली रक्कम पूर्ण आकाराच्या फाइली देण्याआधी. निवडीसाठी पाठवायचे फोटो लहान आकाराचे आणि जलचिन्ह (वॉटरमार्क) घातलेले असावेत.

पाऊलवाट

एक सावधगिरी. ठरलेल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून "उरलेले पैसे आमच्या मेकअपवाल्याला किंवा व्यवस्थापकाला पाठवा" असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. चेक वटल्यासारखा दिसतो, मग परत जातो आणि तुम्ही पाठवलेले पैसे गेलेले असतात. विचारणा करणाऱ्याची गाणी कुठे ऐकायला मिळतात आणि त्याच खात्यावरून संपर्क आला आहे का, एवढं पाहायला पाच मिनिटं पुरतात.

कलमबहाद्दर

हक्कांवर जरा सविस्तर लिहितो, कारण भांडणं इथेच होतात.

फोटोचा कॉपीराइट कुणाचा, याचं उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या छायाचित्रकाराकडे तो सहसा राहतो. भारताच्या १९५७ च्या कायद्यातलं कलम १७ मात्र उलट आहे: कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक सांगणारा असतो. म्हणजे "माझे फोटो, माझा हक्क" हे गृहीत धरू नका. कॉपीराइट कुणाकडे आणि वापराची परवानगी किती, हे एका पानावर लिहा आणि शूटच्या आधी दोघांच्या सह्या घ्या. रक्कम मोठी असेल तर आपल्याकडचा जाणकार वकील एकदा तरी गाठा.

परवानगी लिहिताना कव्हर आणि प्रसिद्धीचे फोटो एकाच कलमात कोंबू नका. प्रसिद्धीच्या फोटोंना दोन-तीन वर्षांची मुदत चालते, तोवर संचही नवे फोटो काढून घेतो. कव्हरला अशी मुदत घालणं चूक आहे. गाणी स्ट्रीमिंगवर वर्षानुवर्षं राहतात, कव्हर मधेच बदलणं अडचणीचं होतं. तिथे "या ध्वनिमुद्रणाच्या सर्व आवृत्त्यांसाठी, कायमस्वरूपी, जगभर" असं द्या आणि त्याप्रमाणे दर लावा.

विक्रीच्या वस्तू आणि पैसे देऊन केलेली जाहिरात वेगळी ठेवा, "त्या वेळी वेगळी परवानगी" असं लिहिलं तरी पुरे. आणि एक ओळ विसरू नका: ही परवानगी तिसऱ्याला देता येणार नाही. उद्या संच लेबलकडे गेला की लेबलला तेच फोटो हवे असतात. त्या वेळी बोलणी करायची वाट खुली राहावी म्हणून ही ओळ.

बाकीची कलमं थोडक्यात: ४८ तास आधी कळवलं तर तारीख एकदा मोफत बदलता येईल, त्यानंतर रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत नाही, छायाचित्रकारच आजारी पडला तर पूर्ण परत, दुरुस्तीची एक फेरी मोफत, फोटोवर फिल्टर लावायचे नाहीत, नाव कुठे आणि कसं छापायचं, आणि तुम्ही ते फोटो आपल्या संग्रहात कधी दाखवू शकता. रिलीजच्या आधी कव्हर तुमच्याकडून बाहेर पडलं तर त्यांच्या सगळ्या आखणीवर पाणी पडेल, म्हणून त्या तारखेपर्यंत काहीही टाकायचं नाही असं तुम्ही आपण होऊन लिहून द्या.

तिसरा_पडदा

कव्हरच्या मापांबद्दल. डिजिटल कव्हर चौरस, ३००० × ३००० पिक्सेल, हे माप सहसा सगळीकडे चालतं. सीडीची पुस्तिका १२ सेंमीची. कडेला ३ मिमी जादा धरून ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे १५०० पिक्सेल होतात, म्हणजे अडचण नाही. व्हायनलचं वेष्टन साधारण साडेएकतीस सेंमी, जादा कडा धरून सुमारे ३८०० पिक्सेल.

तुमचा कॅमेरा ६००० × ४००० देतो, म्हणजे चौरस कापल्यावर फार तर ४००० × ४०००. फक्त डिजिटलसाठी १००० पिक्सेलची मोकळीक आहे, व्हायनलला जेमतेम २०० ची. छापील प्रत निघणार का हा प्रश्न म्हणूनच शूटच्या आधीचा. व्हायनल असेल तर चौकट शूट करतानाच पक्की करा, "नंतर कापू" चालणार नाही. कॅमेऱ्यात १:१ ची चौकट पडद्यावर दाखवायची सोय असते ती चालू करा, पण फाइल रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) ठेवा म्हणजे बाजूचा भाग मिळत राहतो.

मांडणी करणाऱ्याला नावासाठी जागा लागते. एकाच उभं राहण्याच्या पद्धतीचे तीन प्रकार घ्या: डोक्यावर मोकळी जागा, डावीकडे मोकळी, आणि भरलेली चौकट. फोनवर कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. म्हणून शूट चालू असतानाच कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो लहान करून पाहा. चेहरा किंवा आकार तिथे ओळखू आला नाही तर तो कव्हरचा फोटो नव्हे.

प्रसिद्धीसाठी आडवे, उभे, चौरस असे तिन्ही द्या. स्पॉटिफायच्या कलाकार पानाचा माथा (वरचं आडवं चित्र) २६६० × ११४० चा, म्हणजे फारच आडवा. त्यासाठी चेहरा मधोमध आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा असलेला एक तरी फोटो मुद्दाम काढा. यूट्यूबच्या माथ्याचंही तसंच, फोनवर मधली पट्टीच दिसते. प्रोफाइलचे फोटो बहुतेक ठिकाणी गोल कापले जातात, कोपऱ्यातलं वाद्य तिथे गळतं.

कोमल_निषाद

वाद्यांबद्दल हे छायाचित्रकारांना कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

फोटो आरशासारखा उलटा करू नका, मांडणीला कितीही सोयीचा वाटला तरी. गिटारच्या तारांचा क्रम उलटतो, उजव्या हाताने वाजवणारी बाई डावखुरी होते, पियानोच्या खालच्या आणि वरच्या स्वरांच्या बाजू बदलतात. वाजवणाऱ्यांच्या ते पहिल्या नजरेत ध्यानात येतं आणि हसं संगीतकाराचं होतं. मांडणी करणाऱ्यालाही हे लेखी कळवा.

"वाजवल्यासारखं करा" असं सांगू नका, खरंच वाजवायला सांगा. नुसत्या अभिनयात बोटं गिटारच्या पडद्यांवर (फ्रेटवर) अधांतरी राहतात, तबल्यावरचा हात पुडीवर न पडता वर तरंगतो. एखादं कडवं दोन-तीनदा वाजवून घेतलं की खांदेही सैल होतात. पकड विचित्र दिसली तर स्वतः दुरुस्त करू नका, विचारा. ती बरोबरच असण्याची शक्यता जास्त.

लाकडी वाद्य उन्हात किंवा गरम दिव्याजवळ ठेवू नका. सूर उतरतो, आणि फार वेळ राहिलं तर सांधे उलायची भीती. कार्यक्रमाच्या दिवशी शूट असेल तर साउंडचेकच्या (कार्यक्रमाआधीच्या ध्वनिचाचणीच्या) आधी उरका, नंतर त्यांचं लक्ष नसतं.

तिसरा_पडदा

यात भर. ३५ मिमीने गिटारच्या टोकाकडून जवळून काढलं तर खुंट्यांची बाजू चेहऱ्याएवढी दिसते आणि हात आखूड होतात. वाद्यासह एकट्याचा फोटो ८५ वर घ्या, ३५ चौघांसाठी ठेवा. चौघांना एका रांगेत उभं केलंत तर एफ/१.८ वर कडेचे मऊ पडतील, एफ/५.६ च्या आसपास जा आणि डोळे शक्यतो एकाच प्रतलात आणा, म्हणजे कुणी फार पुढे-मागे नको.

पॉलिश केलेल्या गिटारवर छत्रीचा पांढरा गोळा उमटतो. वाद्य पाच-दहा अंश फिरवलं की तो सरकतो. वर्तुळी पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) लाकडाच्या वार्निशवरची चमक कापतो, पण धातूवरची नाही. सॅक्सोफोन किंवा झांजांसाठी प्रकाशाचा स्रोतच मोठा आणि जवळ आणावा लागतो.

मंचाखालून

आता कार्यक्रम. परवानगी कुणाची हे आधी विचारा. गायिकेने हो म्हटलं तरी सभागृह किंवा आयोजक अडवू शकतात. मोठ्या कार्यक्रमांत "पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही" असा नियम बराच रूढ आहे. तुम्हाला संचानेच बोलावलं असेल तर तो बहुधा लागू होत नाही, पण दारावरच्या माणसाला ते माहीत नसतं. नाव यादीत आहे का ते आदल्या दिवशी बघा.

सुरुवातीची मांडणी: मॅन्युअल (सगळं हाताने ठरवलेलं), छिद्र एफ/२, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (संवेदनशीलता) ३२००. ड्रम वाजवणाऱ्यासाठी १/५००. गायिका माइकवर ओठ टेकून गात असेल तर समोरून अर्धा चेहरा झाकतो. ३०-४५ अंश बाजूला व्हा आणि ओळ संपताना त्या मागे सरकतात तो क्षण धरा.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते एलईडी दिव्यांनी, आणि ते दोन प्रकारे.

पहिला, पट्टे. बरेच एलईडी दिवे मंद करताना फार वेगाने चालू-बंद होतात. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एकेक ओळ करत वाचतं, त्यामुळे काही ओळी उजळ आणि काही गडद येतात. मेकॅनिकल शटर वापरा. शांत गाण्यात त्याचा आवाज खटकतो. मग ताल जोरात असेल तेव्हाच दाबा किंवा मागच्या बाजूला जा. साध्या विजेवर चालणाऱ्या दिव्यांची लुकलुक वेगळी: ५० हर्ट्झला सेकंदाला १०० वेळा, म्हणून १/१०० किंवा १/५० वर ती विरते. ६० हर्ट्झच्या देशात १/१२० किंवा १/६०.

दुसरा, रंग जळणं. चेहऱ्यावर शुद्ध लाल किंवा निळा प्रकाश असला की एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल रंगाची वाहिनी कधीच भरून गेलेली असते. त्वचा सपाट प्लास्टिकसारखी दिसते आणि रॉमधूनही परत येत नाही. आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम लावा आणि एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश घ्या. तरीही नाही जमलं तर कृष्णधवल करा, निळ्या-लाल चिखलापेक्षा ते कितीतरी चांगलं.

हे सगळं साउंडचेकला तपासून घ्या, पण त्या वेळी खरे दिवे चालू आहेत ना ते प्रकाशवाल्याला विचारा. गोड बोललात तर एखाद्या गाण्यात समोरून कोमट पांढरा प्रकाश द्यायला तो तयारही होतो. तेवढ्या एका गाण्यात चांगले फोटो मिळून जातात.

नवं_भिंग

खूपच उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. त्यांनी रॉ फाइली मागितल्या तर? आणि संचातलं कुणी सोडून गेलं तर फोटो वाया जातात, त्यावर काही उपाय?

झरोका

दुसऱ्याचं आधी. शूटमध्येच सोय करा: चौघांचे, त्या एकट्यांचे, आणि प्रत्येकाचा वेगळा असे फोटो त्याच प्रकाशात घ्या. वीस मिनिटं जास्त लागतात. चौघांच्या फोटोत माणसं एकमेकांवर फार चढवू नका, काहींत थोडं अंतर राहू द्या, म्हणजे कडेचा माणूस कापून तिघांचा फोटो उरतो. उरलेल्या तिघांचीही वापराला लेखी संमती घ्या. करार गायिकेशी झाला तरी चेहरे चौघांचे आहेत.

रॉ फाइली द्यायच्या नाहीत हे दरपत्रकातच लिहा, म्हणजे नंतर नकार द्यायची वेळ येत नाही. मागणी आलीच तर कशासाठी ते विचारा. बहुधा मांडणी करणाऱ्याला रंगात फेरफार करायला वाव हवा असतो. त्याला कव्हरच्या निवडलेल्या फोटोची १६ बिटची टिफ (रंगात फेरफार करता येईल अशी फाइल) दिली की काम भागतं.

तिसरा_पडदा

सुपूर्त करताना तीन फोल्डर करा. छपाईचा: पूर्ण आकार, ३०० डीपीआय. वेबचा: एसआरजीबी (पडद्यासाठीचं नेहमीचं रंगावकाश) जेपीईजी, लांब बाजू २०४८ पिक्सेल. कव्हरचा: चौरस, ३०००. सीएमवायके (छपाईच्या शाईच्या रंगांत रूपांतर) तुम्ही करू नका, छापखान्याची रंगांची प्रोफाइल ज्याच्याकडे असते त्यानेच ते करावं. एसआरजीबी सोडून दुसऱ्या रंगावकाशात वेबचे फोटो गेले की काही ठिकाणी त्वचा फिकी, मेलेली दिसते आणि दोष तुमच्यावर येतो.

फाइलीच्या मेटाडेटात (फाइलीत साठवलेल्या माहितीत) नाव आणि हक्काची ओळ भरा, पण समाजमाध्यमं ती पुष्कळदा काढून टाकतात. म्हणून फाइलीच्या नावातही तुमचं नाव असू द्या. सोबत एक छोटी मजकूर फाइल: श्रेय नेमकं कसं लिहायचं, वापर कुठे चालेल, मुदत कधीपर्यंत. सहा महिन्यांनी त्यांच्या प्रसिद्धीचं काम दुसरं कुणी पाहत असेल, त्याच्या हाती फोल्डर पडेल, करार नाही. आणि त्यांनी सगळ्या फाइली उतरवून घेतल्याचा निरोप येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

नवं_भिंग

प्रश्न आणि "पासून" दर असा मेसेज आत्ताच पाठवला. व्हायनलबद्दलही विचारलंय. करारात कव्हरचं कलम वेगळं करतो.

कलमबहाद्दर

ते करताना "या ध्वनिमुद्रणाच्या" या शब्दांपुढे ईपीचं नाव लिहा. नाव अजून ठरलं नसेल तर पाचही गाण्यांची नावं. नाहीतर पुढच्या वर्षीच्या ध्वनिमुद्रणालाही तेच कलम लावून बघतील.